राजपुत्राचं आजोळ

मोहम्मद बिन सलमान बिन अब्दुलअझीझ आल सौद, सौदी अरेबियाचे युवराज. एका नावात तीन पिढ्या आणि एक घराणं. ‘बिन’ म्हणजे मुलगा, त्यामुळे नाव वाचत गेलं की आपण एकेक पायरी मागे जातो: मुलगा, बाप, आजा. शेवटचं ‘आल’ आपल्या वर्तमानपत्रांत हटकून ‘अल’ छापलं जातं, आणि पहिली गफलत तिथेच होते. ऱ्हस्व ‘अल’ हे अरबी नामाला आधी चिकटणारं साधं उपपद. ते शहराला लागतं, पुस्तकाला लागतं, आडनावालाही लागतं. दीर्घ ‘आल’ म्हणजे घराणं, भाऊबंद. आल सौद म्हणजे सौदची कुळी. हा सौद अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रियाधजवळच्या दिरिया गावाचा प्रमुख होता. त्याचा मुलगा मोहम्मद १७२७ साली प्रमुख झाला आणि या घराण्याच्या राज्याचा हिशेब तिथून मांडतात.

इतकं सगळं सांगणाऱ्या नावात एकही बाई नाही. आणि तरीही या घरात कोण कुणाच्या पाठीशी उभा राहील, कुणाला लष्कर मिळेल, कुणाला दूरच्या प्रांताचं अमीरपद देऊन वाटेला लावतील, हे समजून घ्यायचं तर नावात नसलेल्या व्यक्तीपासूनच सुरुवात करावी लागते. राजपुत्राची आई कोण? तिचे भाऊ कोण?

हा प्रश्न इंग्रजीतून नीट विचारताच येत नाही, कारण तिथे काका आणि मामा दोघेही ‘अंकल’. मराठी माणसाची ही अडचण नाही. अरबीत काका तो ‘अम्म’, मामा तो ‘खाल’. आत्या ‘अम्मा’, मावशी ‘खाला’. ‘खाला’ तर आपल्याकडच्या दखनी बोलणाऱ्या घरांतही रोज ऐकू येतं. ‘खाल’चं अनेकवचन ‘अख्वाल’. नज्दमध्ये, म्हणजे अरबस्तानच्या मधल्या पठारावर, माणसाची पारख करताना ‘याचे अख्वाल कोण?’ हे विचारलं जातंच. आपल्याकडे त्यासाठी एकच नेमका शब्द आहे: आजोळ.

एका बाबतीत मात्र मराठी कमी पडते. आपला ‘सावत्र’ दोन्हीकडे चालतो, बाप एक आणि आया वेगळ्या असोत की आई एक आणि बाप वेगळे. अरबीत तिन्ही नाती वेगळी: आईबाप दोन्ही एक असलेला भाऊ ‘शकीक’, बापाकडून भाऊ ‘अख् लि-अब’, आईकडून भाऊ ‘अख् लि-उम्म’. वारसाहक्कात या तिघांचे हिस्से निराळे पडतात, म्हणून हे शब्द कायद्यालाही लागतात. लग्नाच्या बाबतीत तर सगळं आपल्या उलट. आपल्याकडच्या बहुतेक हिंदू घरांत चुलत बहीण सख्खीसारखी, आणि मामाची मुलगी अनेक जातींत हक्काची. तिथे काकाची मुलगी, ‘बिन्त अम्म’, हे परंपरेने पहिल्या पसंतीचं स्थळ. त्यामुळे राजपुत्राचा सासरा पुष्कळदा त्याचा काका असतो. मोहम्मद बिन सलमान यांची पत्नी सारा बिन्त मशहूर ही सलमान यांच्या सावत्र भावाचीच मुलगी.

अब्दुलअझीझ यांनी जानेवारी १९०२ मध्ये कुवेतच्या आश्रयातून येऊन रियाधचा मस्मक किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबर १९३२ रोजी सौदी अरेबियाचं राज्य जाहीर केलं. १९५३ मध्ये ते गेले, तोवर त्यांना चाळीसहून जास्त मुलगे झाले होते. त्यातले सुमारे छत्तीस प्रौढ झाले. शरियतनुसार एका वेळी चार बायकांची मर्यादा, पण तलाक देऊन जागा मोकळी होत असे. तलाक मिळालेल्या बाईलाही समाजात बट्टा लागत नसे. तिला दुसरं स्थळ येई, कधी पहिला नवराच परत मागणी घाली.

मुलं मोजताना एक गोष्ट जपावी लागते. लहानपणी दगावलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची पद्धत होती, त्यामुळे याद्यांमध्ये तीच ती नावं पुन्हा येतात आणि दोन माणसं एक होऊन बसतात. तुर्कींच्या बाबतीत तर थोरलं मूल बाळपणी गेलेलं नव्हतं. थोरले तुर्की १९१९ च्या साथीच्या तापात ऐन तारुण्यात गेले. दुसरे तुर्की १९३४ मध्ये जन्मले, आणि म्हणून वंशावळीत ‘तुर्की पहिले’, ‘तुर्की दुसरे’ असं लिहावं लागतं.

प्रत्येक बायकोचं घर वेगळं. रात्रींची वाटणी आणि खर्च सर्वांना सारखा द्यायचा, ही धर्माने घातलेली अट. बाप वाड्यातला, मजलिसीतला, मोहिमेवरचा. मुलं मात्र आईच्या चुलीपाशी वाढत. शकीक भावंडं एका ताटात जेवत, सावत्र भाऊ भेटे तो बापाच्या मजलिसीत, वयाप्रमाणे लावलेल्या रांगेत. त्या रांगेत धाकट्याने थोरल्याच्या नाकाचं किंवा खांद्याचं चुंबन घ्यायचं आणि मगच खाली बसायचं. सगळं कसं शिस्तीत, पण आपली माणसं कोण ते चुलीने आधीच ठरवलेलं असे. जे राजकारण पुढे जगाने पाहिलं, त्याची मुळं मला याच स्वयंपाकघरांत दिसतात.

मालमत्ता वाटताना चुलीचा भेद नाही. मुलं असलेल्या पुरुषाच्या मागे बायकांना मिळून आठवा हिस्सा. चार असतील तर प्रत्येकीला बत्तिसावा. उरलेल्यातून मुलाला मुलीच्या दुप्पट. राणीचा मुलगा आणि दासीचा मुलगा यांच्या हिश्शात पैशाचाही फरक नाही. पण गादी या गणितात बसत नाही. ती वाटता येत नाही.

अब्दुलअझीझ यांची स्वतःची आई सारा, सुदैरी घराण्यातली. म्हणजे सुदैरी हे त्यांचं आजोळ. त्यांनी त्याच घराण्यातल्या हस्सा बिन्त अहमद यांच्याशी लग्न केलं. पुढे तलाक झाला आणि हस्सांचं लग्न अब्दुलअझीझ यांच्या सावत्र भावाशी, मोहम्मद बिन अब्दुलरहमान यांच्याशी झालं. त्या लग्नातून अब्दुल्ला नावाचा मुलगा झाला. मग तिथूनही तलाक होऊन त्या पुन्हा अब्दुलअझीझ यांच्याकडे आल्या. तो अब्दुल्ला पुढच्या सात भावांचा एकाच वेळी चुलत भाऊही आणि आईकडून भाऊही. वर दिलेले शब्द कशासाठी लागतात ते इथे कळतं. ते सात म्हणजे फहद, सुलतान, अब्दुलरहमान, नाएफ, तुर्की दुसरे, सलमान आणि अहमद. जग त्यांना ‘सात सुदैरी’ म्हणून ओळखतं, म्हणजे आजोळाच्या नावाने.

सात शकीक भाऊ ही फार मोठी शक्ती होती. दुसऱ्या कुठल्याही राणीचे इतके मुलगे हाताशी नव्हते. १९६२ मध्ये फहद गृहमंत्री झाले. १९७५ मध्ये ते युवराज झाल्यावर ते खातं शकीक भाऊ नाएफ यांच्याकडे गेलं आणि २०१२ पर्यंत राहिलं. सुलतान १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत संरक्षणमंत्री. सलमान जवळजवळ अर्धशतक रियाधचे अमीर, आणि रियाधच्या अमीराकडे घराण्यातली भांडणं मिटवण्याचं कामही येतं, म्हणजे प्रत्येक चुलीतली गोष्ट त्यांच्या कानावर. सलमान यांची पहिली पत्नी सुलताना बिन्त तुर्की, तीही सुदैरीच. आजी सारा, आई हस्सा, बायको सुलताना. तीन पिढ्या एकच आजोळ.

बाकीच्या राजांचं आजोळ पाहिलं की त्यांची कारकीर्द उलगडते. फैसल १९०६ चे. त्यांची आई तर्फा ही आल अश-शेख घराण्यातली, म्हणजे धर्मसुधारक मोहम्मद बिन अब्दुलवह्हाब यांच्या वंशातली. ती लवकर गेली आणि फैसल यांना आईच्या वडिलांनी वाढवलं. ते नज्दमधले मोठे धर्मपंडित होते, आणि नातू त्यांच्याकडे कुराण आणि धर्मशास्त्र शिकला. १९६४ मध्ये राजे सौद यांना पायउतार करायची वेळ आली तेव्हा धर्मपंडितांच्या फतव्याने फैसल यांना गादी मिळाली. त्यांचा अनुभव, काटकसर, सौद यांची उधळपट्टी ही कारणं खरीच आहेत. पण फतवा देणाऱ्यांना हा मुलगा आपल्या घरचाही वाटत होता, हे कारण मला त्यांच्याइतकंच वजनदार वाटतं.

राजे अब्दुल्ला बिन अब्दुलअझीझ यांची गोष्ट वेगळी. त्यांची आई फहदा ही शम्मर टोळीची, आणि अब्दुलअझीझ यांच्याशी लग्न होण्याआधी ती हाइलच्या राशिदी अमीराची बायको होती. राशिदी म्हणजे आल सौदांचे पिढीजात शत्रू. १९२१ मध्ये हाइल पडलं, अमीर आधीच मारला गेला होता, आणि त्याच्या विधवेशी जेत्याने लग्न केलं. पराभूत घराण्याला सोयरं करून घेण्याची ही पद्धत. असल्या लग्नाने वैर संपतं असं नाही, पण पुढच्या पिढीत त्या टोळीचा एक माणूस राजवाड्यात असतो. अब्दुल्लांना शकीक भाऊ एकही नव्हता. सात भावांच्या विरुद्ध एकट्याने टिकायचं कसं? त्यांच्या हाती १९६० च्या दशकात नॅशनल गार्ड आलं. त्यातली भरती टोळ्यांमधून होते, आणि ज्याचे मामा शम्मर त्याला टोळ्यांत बसण्या-उठण्याची रीत शिकवावी लागत नाही. भावांची उणीव त्यांनी अशी भरून काढली. १९८२ ते २००५ युवराज आणि मग दहा वर्षं राजे.

ज्यांना आजोळच नाही त्यांचं काय? गुलामगिरी या राज्यात १९६२ मध्ये रद्द झाली. त्याआधी दासीच्या पोटी जन्मलेलं मूल कायद्याने स्वतंत्र आणि औरस. आईला ‘उम्म वलद’ म्हणत, तिला विकता येत नसे आणि धन्याच्या मृत्यूनंतर ती मुक्त होई. सुलतान यांचा १९४९ मध्ये जन्मलेला मुलगा बंदर अशा आईचा. कागदावर तो इतर भावांच्या बरोबरीचा, पण त्याच्यासाठी शब्द टाकायला मामा नव्हते. ही उणीव आजीने भरून काढली. हस्सांनी त्याला आपल्या घरी आणून वाढवलं. पुढे त्याचं लग्न राजे फैसल यांच्या मुलीशी, हैफांशी झालं. हेच बंदर बिन सुलतान १९८३ ते २००५ वॉशिंग्टनमध्ये राजदूत होते. आजीचं घर आणि सासर या दोन खांबांवर त्यांनी आपलं स्थान उभारलं. मुकरीन, अब्दुलअझीझ यांच्या सर्वांत धाकट्या मुलांपैकी एक, येमेनी आईचे. २०१५ च्या जानेवारीत ते युवराज झाले आणि एप्रिलमध्ये दूर झाले. वैमानिक, गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख, राजे अब्दुल्लांचा पूर्ण विश्वास, पण अब्दुल्ला गेल्यावर त्यांच्या बाजूने उभं राहील असं आजोळाचं घर मागे नव्हतं.

रक्तासारखंच दुधाचंही नातं. पहिल्या दोन वर्षांत एखाद्या बाईने मुलाला पाच वेळा पोटभर पाजलं तर ती त्याची दूधआई आणि तिची मुलं त्याची दूधभावंडं, असं सौदीत प्रचलित असलेलं हनबली मत सांगतं. दूधभावंडांचं लग्न होऊ शकत नाही. जिथे चुलत भावंडांची लग्नं सर्रास होतात आणि जावा-जावा एकमेकींची मुलं पाजतात, तिथे कुणी कुणाला किती वेळा पाजलं हे घरातल्या बायकांना ध्यानात ठेवावंच लागतं. चूक लग्नानंतर उघड झाली तर ते लग्न मोडतं, दुसरा इलाज नाही. या एका बाबतीत घराण्याची नोंदवही पूर्णपणे बायकांच्या आठवणीत असते.

आणि बाईचं नाव उच्चारायचंच नाही अशा या रिवाजात एक ठळक अपवाद आहे. अब्दुलअझीझ यांची आरोळी होती ‘अना अखू नूरा’: मी नूराचा भाऊ. नूरा बिन्त अब्दुलरहमान ही त्यांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं सौद अल-कबीर यांच्याशी. घराण्याची ही थोरली शाखा. सौद यांनी अब्दुलअझीझ यांच्याविरुद्ध बंड केलं होतं. त्या सोयरिकीने ती शाखा कायमची जोडली गेली. रियाधमधलं मुलींचं मोठं विद्यापीठ आज नूरांच्याच नावाने आहे.

रियाधहून राजाज्ञा निघते तेव्हा ती कशी वाचायची? आधी पदवी. ‘साहिब अस-सुमू अल-मलकी’ असेल तर माणूस अब्दुलअझीझ यांच्या पुरुष वंशातला. ‘अल-मलकी’, म्हणजे राजेशाही, हा शब्द गळलेला असेल तर तो आल फरहान, आल जिलुवी, आल सुनैय्यान यांसारख्या बाजूच्या शाखेतला. सध्याचे परराष्ट्रमंत्री फैसल बिन फरहान असेच. मग तिसरं नाव. मग, जे छापलेलं नसतं ते: आई. घरात माणसाला हाक मारतात ती थोरल्या मुलाच्या नावाने. सलमान ‘अबू फहद’, आणि ते फहद २००१ मध्ये वारले तरी वडील अबू फहदच राहिले. ‘अमीर’ या शब्दाने मात्र सावध राहावं. तो राजपुत्रालाही लागतो आणि प्रांताच्या प्रमुखालाही, त्यामुळे भाषांतरात राजपुत्राचा प्रमुख होतो आणि प्रमुखाचा राजपुत्र.

पैशाची उतरंडही याच पायऱ्यांची. अमेरिकी वकिलातीचा १९९६ चा एक गोपनीय अहवाल पुढे उघड झाला. त्यात अर्थखात्याच्या एका कचेरीतून दरमहा वाटल्या जाणाऱ्या तनख्याचे आकडे आहेत: अब्दुलअझीझ यांच्या हयात मुलांना दोन लाख ते दोन लाख सत्तर हजार डॉलर, नातवांना सुमारे २७ हजार, पणतवंडांना १३ हजार, खापरपणतवंडांना ८ हजार, आणि अगदी दूरच्या शाखेतल्या माणसाला ८०० डॉलर. लग्नाला आणि घर बांधायला वेगळी रक्कम. म्हणजे प्रत्येक पिढीगणिक तनखा घटतो आणि खाणारी तोंडं वाढतात. खापरपणतवंड असलेल्या राजपुत्राला केवळ नावावर राजेशाही थाटात जगता येत नाही. त्याला नोकरी, ठेका किंवा चांगलं सासर लागतं.

भावांच्या पिढीत सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली तोवर आजोळाचं गणित बिनचूक लागू पडलं. नातवांच्या पिढीत ते कोसळलं, आणि कारण सरळ आहे. शकीक भावांच्या मुलांची आजोळं वेगवेगळी. मोहम्मद बिन नाएफ आणि मोहम्मद बिन सलमान हे दोघे हस्सांचे नातू. पण पहिल्याची आई जिलुवी घराण्यातली, दुसऱ्याची अजमान टोळीच्या हिस्लैन घराण्यातली फहदा बिन्त फलाह. हे अजमान १९१५ च्या किंझानच्या लढाईत अब्दुलअझीझ यांच्याविरुद्ध लढले होते आणि त्यात अब्दुलअझीझ यांचा भाऊ साद मारला गेला होता. फहदांच्या सहा मुलांतल्या सर्वांत धाकट्याचं नाव राकान, आणि अजमानांच्या एकोणिसाव्या शतकातल्या गाजलेल्या प्रमुखाचंही नाव राकान. आजोळ असं नावातून पाझरतं.

२१ जून २०१७ रोजी मोहम्मद बिन नाएफ युवराजपदावरून दूर झाले. मक्केच्या वाड्यात नव्या युवराजाने वाकून थोरल्या चुलतभावाचा हात चुंबला, थोरल्याने बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, दिली आणि ते दृश्य दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं. मार्च २०२० मध्ये तेच मोहम्मद बिन नाएफ अटकेत गेल्याच्या बातम्या आल्या, आणि सोबत अहमद, हस्सांचे धाकटे चिरंजीव, राजे सलमान यांचे शकीक भाऊ. ती बातमी वाचताना हस्सांच्या घरातलं ते एकत्र जेवणाचं ताट डोळ्यांपुढे येतं आणि गलबलून येतं. हस्सा १९६९ मध्येच गेल्या होत्या.

त्याच २०१७ च्या आज्ञेत एक कलम होतं ज्याकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. १९९२ च्या मूलभूत कायद्यात दुरुस्ती झाली: संस्थापकाच्या मुलांची पिढी संपल्यावर राजा आणि युवराज एकाच शाखेतले असू शकत नाहीत. खालिद बिन सलमान आज संरक्षणमंत्री आहेत, नव्या युवराजाचे शकीक भाऊ आहेत. तरी हा कायदा असाच राहिला तर भाऊ राजा झाल्यावर त्यांना युवराज होता येणार नाही.

शेजारच्या संयुक्त अरब अमिरातीत, अबू धाबीत, तर आईचं नाव उघड घेतात. तिथले आधीचे शासक शेख झायेद यांच्या पत्नी फातिमा बिन्त मुबारक यांचे सहा मुलगे ‘बनी फातिमा’ म्हणून ओळखले जातात. त्यातले थोरले मोहम्मद बिन झायेद मे २०२२ मध्ये अमिरातीचे अध्यक्ष झाले. मार्च २०२३ मध्ये त्यांनी आपला मुलगा खालिद यांना अबू धाबीचा युवराज नेमलं, आणि त्याच दिवशी मन्सूर यांना देशाचं उपाध्यक्षपद, तहनून आणि हझ्झा यांना अबू धाबीचं उपशासकपद दिलं. गादी भावांकडून मुलाकडे वळवायची तर भावांना त्याच घटकेला काही द्यावं लागतं. ते उद्यावर टाकलं की नाराजीला घर मिळतं.

हे शहाणपण त्या घराण्याने फार मोठी किंमत देऊन मिळवलं आहे. १९२२ मध्ये तिथला शासक हमदान याला त्याचा भाऊ सुलतान याने मारलं. १९२६ मध्ये सुलतानला दुसरा भाऊ सक्र याने मारलं. १९२८ च्या आरंभी सक्रही मारला गेला. सुलतानची विधवा सलामा बिन्त बुत्ती हिचे चार मुलगे होते: शखबूत, हझ्झा, खालिद आणि झायेद. थोरला शखबूत गादीवर बसला तेव्हा सलामांनी चौघांकडून शपथ घेतली की तुम्ही एकमेकांवर कधीही हात उचलणार नाही.

शखबूत अडतीस वर्षं शासक होते. तेल सापडल्यावरही पैसा खर्च करायला त्यांचा हात धजेना, आणि ऑगस्ट १९६६ मध्ये घराण्याने त्यांना बाजूला करून झायेद यांना बसवलं. गोळी चालली नाही. शखबूत देशाबाहेर गेले, काही वर्षांनी परत आले, आणि धाकट्या भावाच्या राज्यात अल-ऐनच्या खजुरींच्या वाडीत १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. सलामा १९७० मध्ये गेल्या. एका मुलाने दुसऱ्याची जागा घेतलेली त्यांनी पाहिली, आणि दोघेही हयात होते.